आरोग्याची विचारपूस: उन्हाळी पत्रं

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी आलेल्या पत्रांपैकी सहा या अंकात घेतली आहेत. गोळ्यांचा डोस वाढवू का, कमी करू का, असे प्रश्न बाजूला ठेवले. माणसाला तपासल्याशिवाय त्यांची उत्तरं देता येत नाहीत.

वय ६४. बीपीची गोळी आठ वर्षं चालू आहे, त्यात लघवी वाढवणारं औषधही आहे. रोज संध्याकाळी साडेसहा ते साडेसात चालतो. मार्च संपल्यापासून घरी परतताना डोळ्यांपुढे अंधारी येते. शेजारी म्हणतात, मीठ-साखरेचं पाणी पीत जा. पण मला घाम फारसा येतच नाही. उन्हाळ्यापुरतं चालणं बंद करू का?
– निवृत्त रेल्वे कर्मचारी, भुसावळ

चालणं बंद करू नका, वेळ बदला. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ अंशांना टेकतो. ऊन उतरलं तरी डांबरी रस्ते आणि सिमेंटच्या भिंती दिवसभर साठवलेली उष्णता रात्री आठ-नऊपर्यंत बाहेर टाकत असतात. साडेसहाला सावली असते, गारवा नसतो. दिवसातली सर्वांत थंड वेळ सूर्योदयाच्या आसपासची. मेमध्ये सूर्य पावणेसहाच्या सुमारास उगवतो; तुम्ही साडेपाचला निघा आणि साडेसहाला घरात या. एका तासाची चाल ४० मिनिटांवर आणलीत तरी काही बिघडत नाही. चालताना बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, एवढाच वेग ठेवा.

घाम येत नाही असं वाटतं, कारण आपली हवा कोरडी. मुंबईत घाम अंगावरून ओघळतो, इथे तो कातडीवर येताच उडून जातो. सदरा कोरडाच राहतो आणि शरीरातलं पाणी मात्र गेलेलं असतं. घरी आल्यावर गडद रंगाच्या टोपीची आतली पट्टी किंवा सदऱ्याची पाठ बघा. वाळलेल्या मिठाच्या पांढऱ्या रेघा दिसल्या, तर घाम आला होता हे नक्की.

पाणी पुरेसं आहे की नाही हे ओळखायला लघवीचा रंग बघतात. फिकट पिवळा असला की ठीक, गडद असला की कमी. तुमच्या बाबतीत ही खूण दगा देते. लघवी वाढवणाऱ्या गोळीमुळे पाणी कमी असतानाही रंग फिकट दिसू शकतो. त्यापेक्षा रोज सकाळी शौचाहून आल्यावर वजन करा. एक-दोन दिवसांत किलोभर वजन उतरलं तर ती चरबी नव्हे, पाणी आहे. निघण्याआधी एक पेला आणि आल्यावर एक-दोन पेले साधं पाणी प्या. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या त्रासामुळे डॉक्टरांनी पाण्यावर मर्यादा घातली असेल, तर ती उन्हाळ्यातही पाळायची. ती किती सैल करायची हे त्यांनाच विचारा.

मिठाचं पाणी मात्र नको. पाऊण तासाच्या चालीत जाणारं मीठ आपल्या जेवणातून सहज भरून निघतं. दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चमचाभराच्या आत मीठ पुरे असतं, आणि पापड, लोणचं, शेव, ठेचा खाणाऱ्या घरात ते आधीच ओलांडलेलं असतं. ओआरएस, म्हणजे मोजून केलेलं मीठ-साखरेचं पाणी, हे जुलाबासाठी आणि उन्हात तासन्‌तास राबणाऱ्यांसाठी.

आता अंधारीबद्दल. उन्हाळ्यात रक्तवाहिन्या रुंदावतात आणि बीपी आपोआप थोडं उतरतं. त्यात तीच गोळी चालू राहिली तर ते गरजेपेक्षा खाली जाऊ शकतं. घरी यंत्र असेल तर पाठ टेकून, पावलं जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटं बसा आणि बीपी मोजा. मग उभे राहा, एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरत असेल, तर हे सगळे आकडे तारखेसह लिहा आणि याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. ते डोस बदलतील. गोळी आपल्या मनाने बंद करू नका. अचानक सोडल्यावर उसळणारं बीपी जास्त घातक.

घरातल्या सगळ्यांना ठाऊक असावं असं एक: उन्हातून आलेला माणूस असंबद्ध बोलायला लागला, तोल सांभाळेना, झटका आला किंवा शुद्ध हरपली तर तो उष्माघात समजा. १०८ ला फोन करा आणि गाडीची वाट बघत बसू नका. सावलीत आणा, कपडे सैल करा, अंगावर सतत पाणी ओता आणि पंखा लावा. कोरड्या हवेचा इथे फायदा होतो, ओलं अंग वाऱ्याने झपाट्याने निवतं. बर्फ असेल तर कापडात गुंडाळून मान, काखा आणि जांघांत ठेवा. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. तापाची गोळीही देऊ नका. ती संसर्गाच्या तापावर चालते, उन्हाने तापलेल्या शरीरावर नाही. खिशात कांदा ठेवायचा असेल तर खुशाल ठेवा, पण डोक्याला ओला रुमाल बांधून मग.

शुगर आहे. जळगावात राहून केळी बंद, शेवभाजी बंद, मग खायचं तरी काय?
– दुकानदार, जळगाव

दोन्ही बंद करायची गरज नाही, दोन्ही एका ताटात नकोत. मध्यम केळ्यात २५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात, साधारण एका मोठ्या पोळीइतकी. म्हणून केळं खायचं त्या जेवणात एक पोळी कमी. काळे ठिपके पडलेल्या पिकल्या केळ्यापेक्षा जरा कच्चट केळं बरं. शिकरण नको, त्यात वरून साखर पडते.

शेवभाजीत तिखटाचा दोष नाही. दोष तळलेल्या शेवेचा, वरच्या तर्रीचा आणि रस्सा संपेपर्यंत मोडल्या जाणाऱ्या तिसऱ्या-चौथ्या पोळीचा. तर्री पळीने काढून ठेवा, शेव मूठभरच आणि आयत्या वेळी घाला, सोबत कळण्याची भाकरी घ्या. कळण्यात ज्वारीबरोबर सालासकट उडीद असतो, त्यामुळे प्रथिनं आणि चोथा मिळतो. तरी भाकरी ती भाकरीच, एकावर थांबा. जेवण झाल्यावर आडवं न होता १०-१५ मिनिटं अंगणात किंवा गच्चीवर चाला. जेवणानंतर साखर चढत असतानाच स्नायू ती वापरायला लागतात, म्हणून ही छोटी चाल फार उपयोगी पडते.

केळीची तीन एकर बाग आहे. काढणीला मजूर मिळत नाहीत, घड मी आणि मुलगा वाहतो. कंबर धरते. मेडिकलवरून गोळी घेतो आणि कामाला लागतो. डॉक्टर म्हणतात व्यायाम करा. दिवसभर राबणाऱ्याला आणखी व्यायाम कशाला?
– शेतकरी, रावेर तालुका

आधी गोळीचं बघू. मेडिकलवर कंबरदुखीसाठी मिळते ती बहुतेक वेळा डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनच्या जातीची. ती मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तपुरवठा कमी करते. अंगात पाणी भरपूर असताना हे एक-दोन दिवस चालून जातं. पण मेच्या उन्हात, घसा कोरडा असताना, उपाशीपोटी रोज घेतली तर मूत्रपिंडाला इजा होते, पोटात व्रण होतात, बीपीही चढतं. तुमच्या पत्रातली सर्वांत धोक्याची गोष्ट घड नव्हे, ही गोळी आहे. घ्यायचीच वेळ आली तर डॉक्टरांना विचारून, जेवून, मोजके दिवस.

बागेत काम करताना दर २० मिनिटांनी पेलाभर पाणी प्या. तहान लागेपर्यंत थांबू नका, आणि एका तासात दीड लिटरच्या वर ढोसूही नका. दोन तासांहून जास्त काम असेल तर अधूनमधून ओआरएस घ्या. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ घाला. मीठ अंदाजाने टाकू नका. पाणी अश्रूंपेक्षा खारट लागलं तर ते ओतून द्या आणि नवं करा.

आता व्यायाम कशाला. कारण शेतातलं काम शरीराला एकाच बाजूने वापरतं. दिवसभर पुढे वाकणं, त्याच खांद्यावर घड, त्याच कुशीला वळणं. मागे वाकणारे आणि कण्याला दोन्ही बाजूंनी धरणारे स्नायू त्यात कमी पडतात. त्यांच्यासाठी दहा मिनिटं पुरतात.

कामात दर अर्ध्या तासाने उभे राहून दोन्ही तळवे कमरेवर ठेवा आणि गुडघे न वाकवता हळूच मागे झुका. दहा वेळा. कळ खाली पायात गेली तर थांबा. संध्याकाळी सतरंजीवर पाठीवर झोपा, गुडघे वाकवा, ढुंगण उचलून पाच सेकंद धरा. दहा वेळा. मग हात-गुडघ्यांवर येऊन उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे सरळ करा. पाच सेकंद थांबून बाजू बदला. प्रत्येक बाजूला आठ. यात कंबर खाली झुकली तर सगळं फुकट जातं. पाठीवर पाण्याची वाटी ठेवली आहे असं समजून पाठ सपाट ठेवा. श्वास रोखू नका.

घड उचलताना एक पाऊल पुढे ठेवा. कंबरेतून न वाकता खुब्यांतून आणि गुडघ्यांतून खाली जा, घड पोटाशी आणा आणि मग उठा. वीस किलोचा घड हातभर लांब धरला तर कमरेवर पडणारा भार कितीतरी पटींनी वाढतो. वजन घेतल्यावर अंगाला पीळ देऊ नका, पावलं फिरवून वळा. शक्य तिथे एकाने कापायचा आणि दुसऱ्याने खांद्यावर झेलायचा, जमिनीवर ठेवून पुन्हा उचलायचाच नाही. झोपेतून उठल्यावर पहिला तासभर जड उचलणं टाळा. रात्रभरात मणक्यांतल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात आणि तेव्हाच वाकण्याचा ताण त्यांना सर्वांत जास्त होतो. बागेत पहाटे जायचं असेल तर आधी पाणी सोडणं, पानं काढणं अशी कामं घ्या, घड नंतर.

कमरेचा पट्टा वापरत असाल तर तो घड वाहतानाच लावा, नंतर सोडा. जांघेत किंवा बसण्याच्या जागेत बधिरपणा आला, लघवीवरचा ताबा गेला किंवा पाऊल उचलेनासं झालं, तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा.

वय ५२, वजन ७४ किलो. दोन्ही गुडघे दुखतात, जिना चढताना जास्त. एक्स-रेमध्ये झीज सांगितली. कुणी म्हणतं चालू नका, कुणी म्हणतं रोज चाला. आता पापड-कुरडयांचे दिवस आहेत, चार-चार तास खाली बसावं लागतं.
– गृहिणी, अमळनेर

झीज ऐकून बायका हालचाल बंद करतात आणि तिथेच गाडी बिघडते. मांडीचा पुढचा स्नायू गुडघ्याचा धक्का झेलतो. बसून राहिलं की तो वाळतो आणि सगळा भार सांध्यावर येतो. चाला, पण आधी मांडीला बळ द्या.

पलंगावर पाय पसरून बसा. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा आणि गुडघ्याने ती खाली दाबा, पाच-सहा सेकंद. हात मांडीवर ठेवलात तर स्नायू घट्ट झालेला लागला पाहिजे. तो लागला नाही तर तुम्ही टाचेने दाबताय. दहा वेळा, दिवसातून तीनदा. आठवड्याने दुसरा व्यायाम जोडा. पाठीवर झोपून एक गुडघा वाकवा, दुसरा पाय सरळ ठेवून फूटभर उचला, पाच सेकंद थांबा आणि सावकाश खाली आणा. पाय जास्त उंच नेला की काम मांडीऐवजी कंबर करते. आणखी एका आठवड्याने खुर्ची. हात छातीवर बांधून उठा आणि तीन आकडे मोजत हळू बसा. धपकन बसलात तर निम्मा व्यायाम गेला. पाचपासून सुरुवात करा, दहापर्यंत न्या. दुखत असेल तर खुर्चीवर घडी घातलेली गोधडी ठेवून बैठक उंच करा.

व्यायामात थोडं दुखणं चालतं. दहापैकी तीन-चारपर्यंत, आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत उतरणारं. त्याहून जास्त राहिलं तर संख्या निम्मी करा, बंद करू नका. फरक जाणवायला सहा ते आठ आठवडे लागतात. बहुतेक जणी तिसऱ्या आठवड्यात सोडतात.

पापडांचं काम ओट्यापाशी उभं राहून किंवा टेबल-खुर्चीवर करा. लाट्या करणं, लाटणं, वाळत घालणं ही कामं जावांनी आणि शेजारणींनी आळीपाळीने वाटून घ्यायची, म्हणजे कुणीच तासभर एका जागी बसत नाही. कुरडयांचा सोऱ्या तर उभ्यानेच जास्त चांगला दाबला जातो. खाली बसावंच लागलं तर पाटावर नव्हे, वीतभर उंच चौरंगावर बसा, पाय पुढे पसरा आणि २० मिनिटांनी उठा. गच्चीवर वाळवण न्यायला जिना चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. हातात घमेलं आणि डोळ्यांवर ऊन घेऊन उतरू नका. एक हात कठड्याला मोकळा हवा.

वजन एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी हलका होतो. तुम्ही पहिलं लक्ष्य चार किलोंचं ठेवा, ७० दिसलं तरी जिन्यावर कळेल. तेलाने चोळल्याने बरं वाटतं, जरूर चोळा, पण झिजलेली कूर्चा तेलाने परत येत नाही. गुडघा अचानक सुजून लाल, गरम झाला, ताप आला किंवा मध्येच अडकून सरळ होईना, तर व्यायाम थांबवून डॉक्टरांकडे जा.

पोलीस भरतीची तयारी करते. ८०० मीटरसाठी रोज डांबरी रस्त्यावर पहाटे पाच किलोमीटर धावते. महिन्याभरापासून नडग्या दुखतात. सोडून दिलं तर मागे पडेन.
– विद्यार्थिनी, तळोदा तालुका

दुखतं कुठे ते बोटाने शोध. नडगीच्या आतल्या कडेला, खालच्या भागात, वीतभर पट्टा दाबल्यावर दुखत असेल तर तो हाडाच्या कडेला आलेला ताण. पण एकाच ठिकाणी, एका बोटाखाली, नेमक्या हाडावर कळ येत असेल, रात्री पडल्यावरही ठणकत असेल, तर हाडाला बारीक तडा गेल्याची शंका घ्यायची आणि धावणं आजच बंद. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रे साफ येऊ शकतो, त्यावर विसंबून मैदानात उतरू नकोस.

पट्ट्याचं दुखणं असेल तर दोन आठवडे धावणं बंद, सायकल आणि चालणं चालू. बर्फ कापडात गुंडाळून दहा मिनिटं, दिवसातून दोनदा. पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभं राहून टाचा वर-खाली: गुडघे सरळ ठेवून १५, किंचित वाकवून १५. असे तीन फेरे, एक दिवसाआड. परत सुरू करताना मातीच्या मैदानावर एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं, असं आठ वेळा. हे दुखल्याशिवाय जमलं तरच पुढचा टप्पा.

तुझी आखणीच मुळात चुकली आहे. ८०० मीटर ही तीन-चार मिनिटांची शर्यत. तिला रोज एकाच चालीचे पाच किलोमीटर कामाचे नाहीत. आठवड्यात दोनच दिवस वेगाचे, मध्ये किमान ४८ तास: २०० मीटर जोरात, दोन-तीन मिनिटं चालणं, असं चार ते सहा वेळा. दोन दिवस सावकाश २० ते ३० मिनिटं. एक दिवस गोळाफेकीसाठी बैठका आणि जोर. उरलेले दोन दिवस आराम. बुटाचा तळ एका बाजूने झिजून गुळगुळीत झाला असेल तर बदल. कॅनव्हासचे शाळेचे बूट धावायला नकोत.

आणखी दोन गोष्टी. पाळी तीन महिने चुकली असेल तर तो सरावाचा परिणाम म्हणून सोडून देऊ नकोस. खाणं कमी आणि धावणं जास्त झालं की असं होतं, आणि अशा मुलींची हाडं लवकर तडकतात. रोज भाकरी-डाळीबरोबर मूठभर शेंगदाणे, फुटाणे, जमल्यास दोन अंडी हवीतच. दुसरं, सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक आजार, बऱ्याच घरांत आहे. तपासणी झाली नसेल तर सरकारी दवाखान्यात करून घे. नुसती वाहक असशील तर धावायला हरकत नाही, पण उन्हात, पाणी न पिता, एकदम जोर लावायचा नाही, आणि पायांत विचित्र अशक्तपणा आला तर शर्यत पुरी करायच्या हट्टाला पेटू नकोस. रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्याही तपासणीनंतरच.

मोबाइलवर रोज १०,००० पावलं होत नाहीत, ५,००० वर अडकतो. काही उपयोग आहे का?
– शिक्षक, चाळीसगाव

आहे. १०,००० हा आकडा वैद्यकाने ठरवलेला नाही. जपानमध्ये १९६०च्या दशकात पावलं मोजण्याचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावातून तो आला. जागतिक आरोग्य संघटना पावलं सांगत नाही, वेळ सांगते: आठवड्याला किमान १५० मिनिटं भरभर चालण्यासारखी हालचाल आणि दोन दिवस स्नायूंचे व्यायाम. ५,००० वर असाल तर दर पंधरवड्याला रोजची ५०० वाढवा. शाळेत दोन तासिकांच्या मधल्या वेळात एक चक्कर मारलीत तरी ती भरतात. आणि मोबाइल टेबलावर ठेवून फिरत असाल, तर तो मोजत नाही.